दुपटीचा वेग

नवं तणनाशक किंवा कीटकनाशक युरोपात विकायचं असेल, तर परवान्यासाठी द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्यात पाण्यातल्या तीन जिवांची हजेरी हमखास लागते: एक मासा, एक डॅफ्निया म्हणजे पाणपिसू, आणि एक शेवाळ. यातला मासा कुणालाही समजतो. ओढ्यात मासे उलटे तरंगायला लागले की काठावर गर्दी जमते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. शेवाळाचं तसं नाही. ते मेलं तर पाणी उलट नितळ दिसतं, आणि बघणारा खूश होतो.

आपल्याकडे तर शेवाळाची बाजू घेणारा माणूस सापडणं कठीण. ठिबकचे ड्रिपर त्याच्यामुळे तुंबतात, विहिरीच्या पायऱ्या त्याच्यामुळे निसरड्या होतात, शेततळ्यावर हिरवी साय धरली की मोरचूद आणायला कुणाला तरी तालुक्याला पिटाळलं जातं. ज्याला मारायला आपण पदरचे पैसे खर्च करतो, त्याची वाढ औषधामुळे खुंटते का, हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांनी एवढा जीव का टाकावा?

एक कारण ठाऊक असलेलं आहे. शेततळ्यात सोडलेला कटला ज्या बारीक प्राण्यांवर पोसतो, ते प्राणी शेवाळावर पोसतात. दिवसा पाण्यात विरघळणारा बराचसा प्राणवायूही शेवाळाचाच. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा कमी होते. कीटकनाशक बहुतेक वेळा किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतं. शेवाळाला मज्जातंतू नाहीत, त्यामुळे त्याला तो मार फारसा लागत नाही. तणनाशक मात्र वनस्पतीची आतली यंत्रणा बंद पाडण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि हरित शेवाळाच्या पेशीत जवळजवळ तीच यंत्रणा आहे. तणाला निदान मूळ, खोड आणि पानावरचा मेणाचा थर यांचा आडोसा असतो. शेवाळाचा सगळा जीव एका पेशीत, आणि ती पेशी चहूबाजूंनी औषधाच्या पाण्यात बुडालेली. शेतातून वाहून आलेल्या तणनाशकाचा पहिला फटका कुणाला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फटका किती मोठा, हे सांगायला मात्र लागतो.

ही चाचणी ज्या शेवाळावर सगळ्यात जास्त केली जाते, त्याचं मूळ गाव नॉर्वेत आहे. ओस्लोच्या ईशान्येकडून वाहणाऱ्या नितेल्वा नावाच्या नदीच्या पाण्यातून ओलाव्ह स्कुलबर्ग यांनी १९५९ साली ते वेगळं केलं. स्कुलबर्ग नॉर्वेच्या जलसंशोधन संस्थेत काम करत. त्यांनी वाढवलेल्या त्या वाणाचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या भांड्यांमध्ये दुप्पट-चौपट होत आहेत. आकार चंद्रकोरीसारखा, लांबी साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. नावं मात्र त्यानं तीन पाहिली. जुन्या अहवालांत ते सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्नुटम म्हणून भेटतं, नंतर स्यूडोकिर्चनेरिएला सबकॅपिटाटा, आणि हल्ली रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा. अहवाल वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं की पुरे: तिन्ही नावांमागे जीव एकच आहे.

हेच शेवाळ का निवडलं गेलं? ते नाजूक आहे म्हणून नव्हे, किंवा निसर्गात त्याला काही विशेष मान आहे म्हणूनही नव्हे. ते मोजायला सोपं आहे. त्याच्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे करत नाहीत, भांड्याच्या काचेला धरून बसत नाहीत, सुट्या राहतात आणि झपाट्यानं वाढतात. गठ्ठे करणारं शेवाळ मोजायला बसलात, तर एका गठ्ठ्यात पेशी आठ की अठरा, यावरच दिवस जातो. प्रयोगशाळेतला बराचसा निसर्ग असा मोजणाऱ्याच्या सोयीनं निवडलेला असतो, आणि ते उघडपणे मान्य करायला हरकत नाही.

गंमत अशी की हे शेवाळ आधी अगदी उलट कामासाठी नावाजलं. साठच्या दशकात अमेरिकेतली तळी हिरवीगार होऊ लागली होती आणि संशय कपडे धुण्याच्या पावडरींमधल्या फॉस्फेटवर होता. कुठल्या पाण्यात शेवाळाला किती खाऊ आहे, हे मोजण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९७१ साली बाटलीतली एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात हीच नॉर्वेची चंद्रकोर वाढवून पाहत. प्रश्न होता, शेवाळ कशानं फोफावतं? पुढे तोच प्रश्न उलटा फिरवला गेला: ते कशानं थांबतं? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिनं ऐंशीच्या दशकात या उलट्या प्रश्नाची प्रमाणित पद्धत ठरवून दिली. तिचा क्रमांक २०१. २००६ साली तिची मोठी दुरुस्ती झाली, आणि आज रसायनांच्या अहवालांत शेवाळाचा जो आकडा दिसतो तो बहुधा याच पद्धतीनं आलेला असतो.

पद्धत कागदावर सोपी आहे. शंकूच्या आकाराचे काचेचे फ्लास्क घ्यायचे. त्यांत क्षारांचं ठरावीक द्रावण भरायचं: नायट्रोजन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, लोह आणि इतर काही. प्रत्येक मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार पेशी सोडायच्या. मग औषधाच्या निदान पाच मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन फ्लास्क, आणि औषध न घातलेले शक्यतो सहा. म्हणजे एका चाचणीला एकवीस फ्लास्क. तापमान २१ ते २४ अंशांच्या दरम्यान, त्यातही चढउतार फार नको. दिवस-रात्र अखंड प्रकाश. पेशी तळाला बसू नयेत आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत राहावा म्हणून फ्लास्क सतत हलते ठेवायचे. चाचणीचा काळ ७२ तास, आणि दर २४ तासांनी मोजणी.

मात्रा ठरवताना साध्या पायऱ्या घेत नाहीत. एक, दोन, तीन, चार अशी शिडी लावली, तर चार आणि पाच यांच्यातला फरक शेवाळाला जाणवतही नाही. म्हणून गुणाकारानं चढतात. दोन मात्रांमधला फरक जास्तीत जास्त ३.२ पट ठेवतात: १, ३.२, १०, ३२, १००. दोन पायऱ्या चढलं की दहापट. औषध पाण्यात विरघळत नसेल तर ॲसिटोनसारख्या द्रावकात घोळवून घालता येतं, पण द्रावक लिटरला एक दशांश मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि नुसतं द्रावक घातलेले वेगळे फ्लास्कही ठेवावे लागतात. नाहीतर शेवाळ औषधानं मेलं की ॲसिटोननं, हा वाद मिटायचा नाही.

मोजणीची जुनी रीत सूक्ष्मदर्शकाखालची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायला बारीक चौकटी आखलेली जी काच वापरतात, तीच इथेही चालते. एका चौकटीत किती पेशी, अशा किती चौकटी, मग गुणाकार. डोळे दुखतात, पण पेशी प्रत्यक्ष दिसतात. वेड्यावाकड्या झाल्या, सुजल्या, फिकट पडल्या तर तेही कळतं. हल्ली पेशी आपोआप मोजणारी यंत्रं आहेत, आणि हरितद्रव्यावर प्रकाश टाकून त्यातून परत येणारी लालसर चमक मोजण्याची रीतही आहे. या चमकेत एक खोच आहे. तिच्याकडे वळण्याआधी अंकगणिताचा मामला निकाली काढू, कारण या चाचणीतला सगळ्यात जुना वाद तिथेच आहे.

शेवाळाची वाढ म्हणजे चक्रवाढ व्याज. निरोगी फ्लास्कमध्ये पेशी साधारण दर बारा तासांनी दुप्पट होतात असं धरू. सुरुवातीला मिलिलिटरमध्ये १०,००० पेशी. ७२ तासांत सहा दुपटी, म्हणजे चौसष्टपट: ६,४०,०००. आता औषधाची अशी एक मात्रा घेऊ की जिच्यामुळे वाढीचा वेग बरोबर निम्मा होतो. दुपटीला बाराऐवजी चोवीस तास लागतात. ७२ तासांत तीनच दुपटी, म्हणजे आठपट: ८०,०००.

ही मात्रा किती वाईट? वेगाकडे पाहणारा म्हणेल, वाढ ५० टक्के घटली. शेवटी किती पेशी जास्त झाल्या हे पाहणारा म्हणेल, निरोगी फ्लास्कमध्ये ६,३०,००० ची भर पडली, औषधाच्या फ्लास्कमध्ये फक्त ७०,००० ची, म्हणजे घट ८९ टक्के. दोघांनी तेच फ्लास्क पाहिले, दोघांचंही गणित बरोबर. आता चाचणी आणखी एक दिवस चालू ठेवा. निरोगी फ्लास्कमध्ये आठ दुपटी, २५,६०,००० पेशी. औषधाच्या फ्लास्कमध्ये चार दुपटी, १,६०,०००. पेशी मोजणाऱ्याची घट ८९ वरून ९४ टक्क्यांवर गेली. औषध तेच, मात्रा तीच, शेवाळाचं दुखणंही तेच. वाढला तो फक्त एक दिवस. वेग मोजणारा मात्र अजूनही ५० टक्केच म्हणतो आहे.

म्हणूनच अहवालात एकाच औषधाचे दोन आकडे दिसतात. वाढीचा वेग निम्मा करणारी मात्रा ती ईआरसी-५०, आणि शेवटची भर निम्मी करणारी मात्रा ती ईवायसी-५०. दुसरा आकडा नेहमी लहान येतो, त्यामुळे औषध जास्त विषारी दिसतं. पहिला मोठा, त्यामुळे औषध सौम्य दिसतं. विकणाऱ्याला पहिला आवडतो आणि पर्यावरणवाल्याला दुसरा, यात आश्चर्य काही नाही. ओईसीडीच्या पद्धतीत दोन्हींना जागा आहे, पण शास्त्रीयदृष्ट्या वेगाचा आकडाच ग्राह्य, हेही तिथे सांगितलेलं आहे. इथे मी विकणाऱ्याच्या आवडीच्या आकड्याच्या बाजूनं आहे, त्याला तो का आवडतो याच्याशी मला कर्तव्य नाही. जो आकडा चाचणीची मुदत बदलली की बदलतो, तो औषधाबद्दल कमी आणि घड्याळाबद्दल जास्त बोलतो. सावधगिरी हवी असेल तर ती सुरक्षेच्या गुणकात उघडपणे घालावी, मोजण्याच्या पद्धतीत लपवू नये. युरोपात तसंच करतात: पहिल्या टप्प्यावर ईआरसी-५० ला दहानं भागतात, आणि पाण्यातली अंदाजित मात्रा त्या भागाकाराच्या खाली असावी अशी अपेक्षा ठेवतात.

चाचणी ग्राह्य केव्हा धरायची, याच्याही अटी आहेत, आणि त्या सगळ्या औषध न घातलेल्या फ्लास्कवर आहेत. त्यांत ७२ तासांत पेशी किमान सोळापट झाल्याच पाहिजेत, म्हणजे निदान चार दुपटी. रोजचा वेग फार खालीवर होता कामा नये. सहाही फ्लास्क एकमेकांशी बऱ्यापैकी जुळले पाहिजेत. त्यांच्या वेगातला फरक सात टक्क्यांच्या आत हवा. निरोगी शेवाळच रडतखडत वाढत असेल, तर औषधानं त्याचं काय केलं हे कुठल्या तोंडानं सांगणार? अशी चाचणी टाकून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आता पेशीच्या आत जाऊ. उदाहरणाला ॲट्राझिन हे तणनाशक घेतो, कारण उसात आणि मक्यात ते आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. हे रसायन पन्नासच्या दशकात स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीनं शोधलं. हरितद्रव्य प्रकाश पकडतं तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका ठरावीक वाटेनं पुढे जातात. या वाटेवर डी-१ नावाचं एक प्रथिन आहे, आणि त्याच्यात प्लास्टोक्विनोन या रेणूला बसायला एक खोबण. प्लास्टोक्विनोन तिथे येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि निघून जातो. ॲट्राझिन नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं. प्लास्टोक्विनोनला जागा उरत नाही, इलेक्ट्रॉन अडतात, प्रकाशसंश्लेषण थांबतं. डाययुरॉन हे दुसरं तणनाशकही तिथेच बसतं. प्रकाश मात्र पडतच असतो, हरितद्रव्य तो शोषतच असतं, आणि त्या ऊर्जेला वाट उरत नाही. तिच्यातून पेशीचीच नासधूस सुरू होते.

मघाशी म्हटलेली खोच इथे आहे. वाट न मिळालेल्या या ऊर्जेचा काही भाग लाल चमकेच्या रूपानं बाहेर पडतो. म्हणजे ॲट्राझिननं बेजार झालेली पेशी निरोगी पेशीपेक्षा जास्त चमकते. जिवंत पेशींच्या चमकेवरून त्यांची संख्या ठरवायला गेलात, तर ॲट्राझिनच्या फ्लास्कमध्ये शेवाळ भरपूर आहे असा निष्कर्ष निघेल, आणि खरं तर ते उपाशी मरत असेल. म्हणून अशा तणनाशकांसाठी पेशी प्रत्यक्ष मोजाव्यात, किंवा हरितद्रव्य द्रावकात काढून घेऊन मग मोजावं. यंत्राचा आकडा आला म्हणून तो खरा मानू नये, आधी यंत्र काय मोजतं आहे ते विचारावं.

ग्लायफोसेटचं काम वेगळं. वनस्पती आणि शेवाळ काही अमिनो आम्लं ज्या साखळी प्रक्रियेतून बनवतात, तिच्यातला एक विकर ते बंद पाडतं. माणसात ही प्रक्रियाच नाही. शुद्ध ग्लायफोसेट शेवाळाला ॲट्राझिनपेक्षा खूपच कमी घातक ठरतं. मात्रा मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये मोजाव्या लागतात. पण शेतकरी शुद्ध ग्लायफोसेट फवारत नाही. बाटलीत ते पानावर पसरावं म्हणून साबणासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. अनेक उत्पादनांत वापरला गेलेला असा एक पदार्थ शेवाळाला ग्लायफोसेटपेक्षाही जास्त घातक निघाला. तेव्हा अहवालातला आकडा क्रियाशील घटकाचा आहे की बाटलीतल्या तयार मिश्रणाचा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सगळ्यात चकवा देणारं रसायन मात्र मोरचूद. तांब्यानं शेवाळ मरतं हे काही आजचं ज्ञान नाही. अमेरिकी कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी १९०४ साली पाणीपुरवठ्याच्या तलावांतलं शेवाळ मोरचुदानं मारण्याची रीत प्रसिद्ध केली. नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातही हेच तांबं. पण चाचणीच्या फ्लास्कमध्ये लोह विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए नावाचं रसायन घातलेलं असतं, आणि ईडीटीए तांब्यालाही घट्ट धरून ठेवतं. धरलेलं तांबं पेशीत शिरू शकत नाही. परिणामी काचेतलं शेवाळ तळ्यातल्या शेवाळापेक्षा ढालीआड राहतं. ओढ्याच्या पाण्यातही कुजलेल्या पालापाचोळ्याची काही द्रव्यं तांब्याला धरतात, पण दर ओढ्यात वेगळ्या प्रमाणात. धातूंच्या बाबतीत एका फ्लास्कच्या आकड्यावरून सगळ्या पाण्यांबद्दल बोलणं मला धाडसाचं वाटतं.

लहानसहान सापळे आणखी आहेत. पेशी झपाट्यानं वाढल्या की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतात आणि सामू चढतो. सामू दीड एककापेक्षा जास्त चढू देऊ नये असा संकेत आहे, कारण काही औषधं सामू बदलला की रूप बदलतात. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पाण्यात राहण्याऐवजी काचेलाच चिकटतात. म्हणून औषध किती घातलं यावर न थांबता, सुरुवातीला आणि शेवटी पाण्यात प्रत्यक्ष किती होतं, हेही तपासतात.

आता हे आकडे बांधावर आणू. ॲट्राझिननं या शेवाळाचा वेग निम्मा व्हायला लिटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम लागतात. प्रयोगशाळेप्रमाणे हा आकडा कधी निम्मा, कधी दुप्पट येतो. एक मायक्रोग्रॅम लिटरला म्हणजे एक ग्रॅम औषध दहा लाख लिटर पाण्यात. तीस मीटर बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात, उतरते काठ धरून, वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते १०० मायक्रोग्रॅमवर न्यायला सुमारे २०० ग्रॅम ॲट्राझिन आत पडावं लागेल. एवढं सहसा पडत नाही. पण शेताला लागून वाहणारी, फूटभर पाण्याची चारी घ्या. हेक्टरी एक किलो क्रियाशील घटक म्हणजे चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. त्यातला तीन टक्के फवारा वाऱ्यानं चारीवर गेला असं धरा. चारीच्या एका चौरस मीटरखाली ३०० लिटर पाणी, त्यात तीन मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅम. शंभराला दहानं भागून येणारा युरोपी उंबरठा नेमका हाच. म्हणजे साध्या वाऱ्यानंसुद्धा उथळ पाणी उंबरठ्यावर येतं. औषध किती विषारी या प्रश्नाइतकाच पाणी किती खोल हा प्रश्न मोठा आहे.

फ्लास्क काय सांगत नाही, याचीही नोंद हवी. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या प्रायोगिक तळ्यांमध्ये ॲट्राझिन घालून पाहिलं, त्याचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. मात्रा दोन: लिटरला २० आणि ५०० मायक्रोग्रॅम. दोन्हींत शेवाळाची वाढ काही दिवसांत खाली आली, म्हणजे फ्लास्कमध्ये निरुपद्रवी वाटेल अशा २० मायक्रोग्रॅमलाही. पुढच्या काही आठवड्यांत औषधाला दाद न देणाऱ्या जातींनी मोकळी जागा घेतली. पाणी पुन्हा हिरवं दिसलं, पण ते वेगळ्याच शेवाळाचं. अशा बदलाची नोंद एका जातीच्या फ्लास्कमध्ये होऊच शकत नाही.

आणि कधीकधी परिणाम अगदी उलटा. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक डॅफ्नियाला लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी मात्रेत मारतं. शेवाळाला काही व्हायला त्याच्या शेकडोपट मात्रा लागते. फ्लास्कमधला निकाल: शेवाळाला धोका नाही. नेदरलँड्समध्ये प्रायोगिक चाऱ्यांत हे औषध सोडलं तेव्हा शेवाळ खाणारे प्राणी मेले, आणि खाणारंच कुणी उरलं नाही म्हणून शेवाळ माजलं. कीटकनाशकानं तळं हिरवं होतं, ही गोष्ट शेवाळाच्या चाचणीतून कधीच कळली नसती.

भातखाचराची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. पी. के. डे यांनी १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिलं की खाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन पकडून भाताला देतं. काशी हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह आणि दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी हे काम पुढे नेलं. त्यातूनच शेवाळाचं जैविक खत आलं. भाताची लावणी झाली की ब्युटाक्लोर वाळूत मिसळून खाचरात फेकतात. एकीकडे नायट्रोजन देणारं शेवाळ पोसायचं, दुसरीकडे त्याच पाण्यात तणनाशक टाकायचं. या शेवाळाचं काय होईल, हे नॉर्वेच्या चंद्रकोरीवरून कळत नाही. ओईसीडीच्या यादीत ॲनाबीना हे निळं-हिरवं शेवाळही आहे आणि डायटमही आहे. भातावरच्या औषधासाठी ॲनाबीनाची चाचणी आधी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय २१ ते २४ अंश हे एप्रिलमधल्या मराठवाड्यातल्या तळ्याचं तापमान नव्हे.

अशा चाचण्या भारतातही होतात. उत्तम प्रयोगशाळा पद्धतीच्या ओईसीडी व्यवस्थेत भारत २०११ साली पूर्णपणे सामील झाला. त्यामुळे इथे नियमानं केलेली चाचणी युरोपात पुन्हा करावी लागत नाही. केंद्र सरकारनं मे २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझिन, ब्युटाक्लोर आणि डाययुरॉन होती. युरोपीय संघानं ॲट्राझिनला नकार दिला तो भूजलातल्या त्याच्या अंशामुळे. आपल्या दुकानात ते त्या मसुद्यानंतरही मिळत राहिलं.

औषध घेताना दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्याच्या बाराव्या विभागात पर्यावरणाची माहिती असते. शेवाळाच्या ओळीत जातीचं नाव, तास आणि ईआरसी की ईवायसी, या तीन गोष्टी पाहा. आणि फवारणी झाल्यावर पंप ओढ्यावर धुऊ नका, शेतातच धुवा आणि धुवण पिकावर फिरवा. हेक्टरी एक किलो क्रियाशील घटक ५०० लिटर पाण्यात कालवला, तर टाकीतल्या प्रत्येक लिटरमध्ये दोन ग्रॅम असतात. पंपाच्या तळाला उरलेल्या अर्ध्या लिटरात एक ग्रॅम. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल डोहात दहा हजार लिटर पाणी असतं, आणि तेवढ्या पाण्यात तो एक ग्रॅम लिटरला १०० मायक्रोग्रॅम भरतो.